गाडीवरची जुनी रेडियम अक्षरे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न (सातारा येथील एक वाचक): दीड वर्षापूर्वी आम्ही एका केटरिंग व्यावसायिकाची पांढरी व्हॅन विकत घेतली. तिच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर त्यांच्या व्यवसायाचे नाव, पदार्थांची यादी आणि मोबाइल क्रमांक लाल व हिरव्या रेडियममध्ये लावलेले आहेत. गाडी दारापुढे उभी असली की लोक अजूनही साखरपुड्याच्या जेवणाचा ताटामागचा भाव विचारायला येतात. अक्षरे सात-आठ वर्षांची तरी असावीत; त्यांना बारीक भेगा पडल्या आहेत आणि नखाने उचकटू गेल्यास टिकलीएवढे तुकडे हातात येतात. एकाने थिनर लावायला सांगितले, दुसऱ्याने नेलपॉलिश रिमूव्हर सुचवला आणि कोपऱ्यावरच्या रेडियमवाल्याने ब्लेडने खरवडून देण्याची तयारी दाखवली. रंगाला धक्का न लावता हे काम घरी करता येईल का?

उत्तर: करता येईल, मात्र आपल्याला सुचवलेल्या तिन्ही उपायांपैकी एकाही उपायाला हात न लावता.

आपण सगळे ज्याला ‘रेडियम’ म्हणतो त्यात रेडियम नावाला नसते. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असे. त्यावरून चमकणाऱ्या कागदाला आणि पुढे न चमकणाऱ्या कागदालाही तेच नाव पडले. प्रत्यक्षात ही पीव्हीसीची पातळ फिल्म असते आणि तिच्या पाठीला दाबाने चिकटणाऱ्या गोंदाचा थर असतो. पीव्हीसी मुळात कडक असते, म्हणून ती लवचीक राहावी यासाठी तिच्यात मऊपणा देणारे द्रव्य मिसळलेले असते. ऊन लागत राहिले की ते द्रव्य हळूहळू निघून जाते, फिल्म आक्रसते, ठिसूळ होते आणि तिला भेगा पडतात. दुकानात सर्रास वापरला जाणारा स्वस्त रोल तीन ते पाच वर्षांत या अवस्थेला येतो, त्यामुळे आपल्या अक्षरांचे टिकलीएवढे तुकडे पडावेत यात नवल नाही. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी की फिल्म काढणे आणि तिच्याखालचा गोंद काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याला उष्णता लागते आणि दुसऱ्याला द्रावक लागतो. रंगाची जी नासाडी मी पाहत आलो आहे, तिच्यातील बरीचशी ही दोन्ही कामे एका दमात उरकण्याच्या घाईतून झालेली असते.

परंतु त्याही आधी गाडीवरचा रंग कोणता आहे हे ठरवले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. कारखान्यात लागलेला रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला असतो. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून त्याची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि पत्र्याशी त्याची पकड उत्तम असते. गॅरेजमध्ये मारलेला रंग चांगल्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास सुकवलेला असतो, तर रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये नुसत्या वाऱ्यावर. पत्रा नीट घासून, स्वच्छ करून मग रंगवला असेल तर तो रंगही वर्षानुवर्षे टिकतो. पण धूळ किंवा पॉलिशचा अंश राहून गेलेल्या जागी तो केवळ बसलेला असतो, चिकटलेला नसतो, आणि अक्षर ओढले की अक्षराबरोबर उठून येतो. सात-आठ वर्षे व्यवसायात राबलेल्या व्हॅनचे सरकते दार एकदाही डेंटिंग-पेंटिंगला गेले नसेल असे मी तरी गृहीत धरणार नाही.

हे ओळखण्याच्या खुणा घरच्या घरी पाहता येतात. दाराच्या रबरी बीडिंगवर किंवा बिजागरीच्या बोल्टवर रंगाचे तुषार दिसत असतील, तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे. एखादे चपटे लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवावे; ज्या ठिकाणी पकड एकदम ढिली पडते त्या ठिकाणी खाली लांबी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवण्याची पुटी, भरलेली असते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याशी ओळख असल्यास त्याच्याकडचे जाडी मोजणारे यंत्र पाच मिनिटांसाठी मागून घ्यावे; आकडा २०० मायक्रॉनच्या पुढे गेला तर त्या भागावर दुसरा हात फिरलेला आहे असे समजावे. शेवटची खूण म्हणजे पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात हलकेच घासणे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर पारदर्शक थर नाही. आपली गाडी पांढरी असल्याने ही खूण पांढऱ्याऐवजी काळ्या फडक्यावर पाहावी लागेल.

एक शंका आणखी फेडून घ्यावी. काही अक्षरे रेडियमची नसून पेंटरने ब्रशने काढलेली असतात. नखाला धार लागली आणि कडा सर्वत्र सारख्या तीक्ष्ण असल्या तर ती फिल्म आहे. कडेला ब्रशचा ओघळ किंवा जाडीतला चढउतार जाणवला तर तो रंग आहे, आणि रंगावरचा रंग काढण्यासाठी या उत्तराचा काही उपयोग होणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी शाम्पूने स्वच्छ धुऊन कोरडी करावी, कारण पत्र्यावर राहिलेला रस्त्याचा कण आपल्याच फडक्याखाली येऊन ओरखडा पाडतो. सुरुवात दर्शनी जागेतून करू नये. मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातले, सहज नजरेत न येणारे एखादे लहान अक्षर निवडावे. साधा हेअर ड्रायर दोन-तीन इंचांवर धरून तो सतत हलता ठेवत अक्षर तापवावे. पत्र्यावर तळहात दोन-तीन सेकंद ठेवता येतो, पण त्याहून जास्त वेळ ठेवता येत नाही, इतपत ऊब आली की तापमान ५० ते ६० अंशांच्या घरात असते आणि आपल्याला तेवढेच हवे असते. हीट गन वापरू नये असे मी सांगेन. तिच्या तोंडाशी ५०० अंशांपर्यंत तापमान जाऊ शकते आणि ज्याचा हात बसलेला नाही, त्याच्याकडून एका जागी क्षणभर थांबताच रंगाला फोड येतो.

ऊब आल्यावर अक्षराचा कोपरा प्लास्टिकच्या पातीने किंवा मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने उचलावा, बोटांत धरावा आणि तो पत्र्यापासून सरळ बाहेर न ओढता मागे दुमडून, पत्र्यालगत ठेवून, अगदी सावकाश ओढत न्यावा. सरळ बाहेर ओढताना सगळा जोर रंग उचलण्याकडे लागतो. पत्र्यालगत ओढताना तो गोंदाला ताणण्याकडे लागतो. सावकाशपणाचे कारणही गोंदाच्या स्वभावात आहे. झटका दिला की हा गोंद घट्ट पदार्थासारखा अडून राहतो आणि सबुरीने ताण दिला की काकवीसारखा सैल पडतो, म्हणून एका सेकंदाला एखादा सेंटिमीटर हा वेग पुरेसा समजावा. फिल्म तुटू लागली तर ती थंड पडली आहे, पुन्हा तापवावी. उलट फिल्म सुळकन निघाली आणि खाली गोंदाची चिकट साय राहिली तर ती जरुरीपेक्षा जास्त तापली आहे. या दोहोंमधले तापमान दोन-चार अक्षरांनंतर हाताला आपोआप कळू लागते. आपल्या अक्षरांना भेगा पडलेल्या असल्यामुळे पूर्ण अक्षर अखंड निघेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. तुकडे निघतील, आणि प्रत्येक तुकडा तापवून, कार्डाने सरकवून काढावा लागेल. पहिल्या चाचणीच्या अक्षराबरोबर रंगाची खपली आली, तर तेथेच थांबावे आणि त्या भागाचे काम रंगाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे नेऊ नये.

फिल्म निघाल्यावर गाडी सावलीत आणून पत्रा पूर्ण थंड होऊ द्यावा. ही पायरी कोणीही गाळू नये. रॉकेलची वाफ ४० अंशांच्या पुढे-मागे ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते आणि पेट्रोलची वाफ तर गोठवणाऱ्या थंडीतही पेटते, त्यामुळे तापलेल्या पत्र्यावर द्रावक ओतणे किंवा द्रावक लावलेल्या जागी ड्रायर धरणे हा निव्वळ जिवाशी खेळ आहे. शिवाय गरम पत्र्यावर द्रावक गोंदात मुरण्याआधीच उडून जातो.

गोंदासाठी सौम्यापासून सुरुवात करावी. कोमट साबणपाण्याने काही भाग निघतो. उरलेल्यावर खोबरेल तेलाचा किंवा कोणत्याही खाद्यतेलाचा जाडसर हात देऊन वीस मिनिटे थांबावे. तेल गोंदाला फुगवते आणि मग अंगठ्याने रेटल्यास गोंदाच्या शेवया वळून येतात. तेवढ्याने भागले नाही तर टर्पेंटाइन, स्वच्छ रॉकेल, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा गाड्यांसाठी मिळणारा गोंद काढण्याचा द्राव यांपैकी एक काहीतरी घ्यावे, आधी कोपऱ्यात लावून पाहावे, आणि फडके भिजवून त्या जागेवर दोन-तीन मिनिटे नुसते ठेवावे. घासण्याचे काम द्रावकाला करू द्यावे. गोंदात अडकलेली धूळ म्हणजे बारीक पॉलिशपेपरच असतो आणि आपण जोर लावला की तो चालू लागतो. याच कारणाने भांड्यांची हिरवी घासणी गाडीपासून दूर ठेवावी. फडक्याची घडी दर वेळी बदलावी, आणि सगळे निघाल्यावर ती जागा शाम्पूने दोनदा धुवावी, कारण तेलाचा किंवा रॉकेलचा अंश राहिला तर त्यावर धूळ बसून अक्षरे पुन्हा ‘वाचता’ येऊ लागतात.

आपल्याला सुचवलेल्या उपायांबद्दल थोडक्यात सांगतो. थिनर हा रंग विरघळवण्यासाठीच बनवलेला असतो. भट्टीत भाजलेला रंग त्याचा ओझरता स्पर्श कदाचित सोसेल, पण वाऱ्यावर सुकवलेला रंग मऊ होऊन सुरकुततो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा अॅसिटोन असतो आणि त्याची जातकुळी तीच. दाढीचे ब्लेड सपाट असते आणि दार सपाट नसते. बाक आला की ब्लेडचे टोक रंगात रुतते. कोणी ब्रेक ऑइल सुचवले तर त्यालाही नकार द्यावा, कारण तेही रंग खाते. पेट्रोलने गोंद निघतो यात शंका नाही, पण आगीचा धोका, श्वासात जाणारी वाफ आणि मऊ रंगावर येणारा फिकेपणा पाहता मी ते वापरत नाही.

तिन्ही बाजूंच्या अक्षरांना एक माणूस लागला तर दोन रविवार धरून चालावे. मोबाइल क्रमांक सर्वांत आधी काढावा, म्हणजे निदान त्या व्यावसायिकाला येणारे आणि आपल्याला अडवून विचारले जाणारे प्रश्न पहिल्याच रविवारी थांबतील.

प्रश्न (नागपूर येथील एक वाचक): माझी लाल गाडी पूर्वी एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलची होती. दारांवरची अक्षरे मी व्यवस्थित काढली, गोंदही काढला, पण शाळेचे नाव अजून स्पष्ट वाचता येते. अक्षरांच्या जागी रंग गडद लाल आणि भोवती फिका आहे. अक्षरे काढताना माझ्याकडून रंग खराब झाला का?

उत्तर: खराब आपण केलेला नाही, खराब झाला आहे तो भोवतालचा रंग, आणि तो नागपूरच्या उन्हाने केला आहे. फिल्मने झाकलेल्या रंगाला अतिनील किरणांपासून संरक्षण मिळाले आणि तो जसा होता तसा राहिला. उघडा रंग मात्र दर उन्हाळ्याला थोडा थोडा विटत गेला. लाल रंग या बाबतीत विशेष हळवा असतो. गडद अक्षरे म्हणजे आपल्या गाडीचा मूळ रंग आहे, ही गोष्ट समाधानाची की दुःखाची हे आपण ठरवावे.

उपाय आहे की नाही हे रंगाच्या रचनेवर ठरते. वर पारदर्शक थर नसलेल्या साध्या लाल रंगात वरचा विटलेला, खडूसारखा झालेला पापुद्रा रबिंग करून काढता येतो आणि खालून ताजा लाल वर येतो, कारण तेथे रंगद्रव्य थराच्या तळापर्यंत सारखेच असते. फडक्यावर लाल उतरताना दिसेल. तसे दिसणे अपेक्षित आहे. रबिंग फक्त फिक्या भागावर, हाताने आणि टप्प्याटप्प्याने करावे आणि दर पाच मिनिटांनी धुऊन उन्हात पाहावे. दाराच्या कडा आणि पत्र्यावरची उठावाची रेघ यांवर रंग सर्वांत पातळ असतो, म्हणून त्यांवर मास्किंग टेप लावून ठेवावी.

वर पारदर्शक थर असेल तर गोष्ट वेगळी होते. तो थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो आणि खालच्या रंगाचे रक्षण करणारा तोच एक असतो. फरक केवळ वरच्या थरातल्या मळामुळे आणि निस्तेजपणामुळे असेल, तर बारीक पॉलिशने दोन-तीन मायक्रॉन काढल्यावर तो नाहीसा होतो. परंतु पारदर्शक थराखालचा रंगच विटला असेल तर वरून कितीही पॉलिश केले तरी तो बदलणार नाही. तो थर तेवढा झिजेल आणि दोन वर्षांत दार पांढुरके पडून सोलू लागेल. म्हणून एका हातभर जागेत दोनदा पॉलिश करून फरक पडला नाही तर थांबावे. पुढे अक्षरांच्या जागेलाही ऊन लागत राहते आणि फरक थोडा कमी होतो, मात्र तो पूर्ण जाण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. दाराला नवा रंग देणे हा खात्रीचा आणि खर्चाचा मार्ग आहे. त्यापेक्षा दाराच्या लांबीएवढा एखादा साधा पट्टा चांगल्या प्रतीच्या फिल्ममध्ये कापून त्या जागेवर लावणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. अक्षरे काढण्यासाठी एवढे कष्ट घेतल्यावर पुन्हा फिल्मच लावायची, हे मनाला पटायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे.

आपल्या पत्रात नसलेली एक शक्यता सांगून ठेवतो. अक्षराच्या कडेवरून नख फिरवल्यास पायरी जाणवत असेल, म्हणजे बाहेरचा भाग उंच आणि अक्षराचा भाग खोल असेल, तर मधल्या काळात कोणीतरी अक्षरे न काढता त्यांच्याभोवतीच रंग मारलेला आहे. अशा ठिकाणी पॉलिश निरुपयोगी असते. ती पायरी घासून, प्रायमर देऊन दार रंगवावेच लागते.

प्रश्न (चिपळूण येथील एक वाचक): माझ्या टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरील चमकणारी रेडियम अक्षरे तापवून ओढली तेव्हा वरचा रंगीत पापुद्रा निघाला आणि खाली चंदेरी थर तसाच राहिला. तो कशानेच निघत नाही. पुढच्या महिन्यात पासिंग आहे.

उत्तर: प्रकाश परतवणारी फिल्म साध्या फिल्मसारखी एका थराची नसते. वर पारदर्शक रंगीत थर, त्याखाली काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा प्रिझम, त्याखाली चंदेरी पाठ आणि मग गोंद अशी तिची बांधणी असते. जुनी झाल्यावर हे थर गोंदापेक्षा एकमेकांपासून आधी सुटतात. पहिला थर निघून गेल्याने आता ओढायला हाताला काही लागत नाही, म्हणून उष्णतेचा नाद सोडावा. चंदेरी थरावर प्लास्टिकच्या पातीने हलक्या रेघा पाडाव्यात, गोंद काढण्याच्या द्रावात भिजवलेला कागदी रुमाल त्यावर पसरावा, वरून प्लास्टिकचा कागद दाबून लावावा म्हणजे द्राव उडणार नाही, आणि वीस मिनिटांनी पाती जवळजवळ आडवी धरून खरवडावे. एकाच वेळी वीतभर जागाच घ्यावी. कोकणातल्या पावसाळ्यात हे काम उघड्यावर निभत नाही. शेड मिळत नसेल तर उघाडीची वाट पाहिलेली बरी.

पासिंगच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असे की, व्यापारी वाहनावर पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल अशी जी परावर्तक पट्टी असते ती सजावट नाही, ती नियमाने आवश्यक आहे. अक्षरे काढण्याच्या भरात ती उचकटली गेली असेल तर मान्यताप्राप्त पट्टी पुन्हा लावून घेतल्यावरच गाडी तपासणीला न्यावी.

प्रश्न (डोंबिवली येथील एक वाचक): मोटारसायकलच्या टाकीवरचे कंपनीचे पट्टे काढून टाकी एकरंगी करायची आहे. हीच पद्धत चालेल का?

उत्तर: पट्ट्याच्या कडेवरून डोळे मिटून नख फिरवावे. कड लागली तर पट्टा रंगाच्या वर आहे आणि सातारकर वाचकांना सांगितलेली पद्धत चालेल; फक्त टाकी रिकामी करून गाडीवरून उतरवून घ्यावी, कारण पेट्रोलने भरलेल्या टाकीजवळ तापवण्याचे कोणतेही साधन नेणे धोक्याचे आहे. कड मुळीच लागली नाही तर पट्टा पारदर्शक थराच्या खाली आहे. पुष्कळ मोटारसायकलींवर तो कारखान्यातच तसा बसवलेला असतो. असा पट्टा काढण्याचा प्रयत्न करू नये. टाकी एकरंगी हवी असल्यास ती घासून पुन्हा रंगवण्यावाचून इलाज नाही. बाजूच्या प्लास्टिकच्या कव्हरांवरचे पट्टे वर चिकटवलेले असल्यास ते काढता येतात, मात्र तेथे ऊब निम्मी ठेवावी, कारण पातळ प्लास्टिक वाकडे झाले की पुन्हा सरळ होत नाही.

प्रश्न (नाशिक येथील एक रेडियम दुकानदार): ड्रिल मशीनला लावण्याचे रबरी चाक बाजारात मिळते. त्याने काम झटपट होते असे म्हणतात. ते घ्यावे का?

उत्तर: आपला हा धंदा असल्याने घ्यावे, पण प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गाडीवर चालवू नये. हे चाक खोडरबरासारखे फिल्म आणि गोंद एकदमच खरवडून काढते, आणि ते करताना घर्षणाची उष्णता निर्माण करते. कारखान्याच्या रंगावर चाकावर छापलेल्या फेऱ्यांच्या मर्यादेत, हलक्या हाताने आणि न थांबता फिरवल्यास ते उत्तम काम देते. गॅरेजच्या रंगावर, प्लास्टिकच्या बंपरवर आणि पत्र्याच्या कडांवर ते दहा सेकंदांत रंग जाळते. काचेवरच्या नावांसाठी तर त्याची गरजच नाही, तेथे साबणपाणी लावून धारकात बसवलेले पोलादी ब्लेड निर्धास्त चालवावे. अपवाद मागच्या काचेच्या आतल्या बाजूचा: धुके घालवणाऱ्या तापक तारांच्या रेषा तेथे काचेवर छापलेल्या असतात आणि ब्लेडने एक रेष तुटली की तेवढ्या पट्ट्यातले धुके निघायचे थांबते. तेथे तेल, अंगठा आणि वेळ एवढीच हत्यारे वापरावीत.

प्रश्न (मडगाव येथील एक वाचक): आपला सल्ला घेण्याआधीच मी गाडीच्या दारावर थिनर लावला. एका अक्षराची जागा निस्तेज झाली आहे आणि दुसऱ्या अक्षराबरोबर नखाएवढा रंग पत्र्यापर्यंत निघून आला आहे. आता काय करावे?

उत्तर: दोन्ही जागांचा वेगवेगळा विचार करावा. निस्तेज जागेला आठवडाभर हात लावू नये. थिनरने मऊ झालेल्या रंगातून तो उडून जाऊन रंग पुन्हा कडक होण्यास तेवढा वेळ द्यावा लागतो. त्यानंतर बोट फिरवून पाहावे. पृष्ठभाग गुळगुळीत लागला तर बारीक पॉलिशने चकाकी बऱ्याच अंशी परत येते. सुरकुती हाताला लागली तर मात्र रंगाचा थर खालून सुटलेला आहे आणि तेवढा भाग रंगाऱ्याकडून करून घ्यावा लागेल.

पत्र्यापर्यंत उघडी पडलेली जागा मात्र आठवडाभर थांबू शकत नाही, विशेषतः समुद्राच्या खाऱ्या हवेत. ती कोरडी करून कडेचे सुटे पापुद्रे काढावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, गंज दिसत असल्यास बारीक पॉलिशपेपरने फक्त तेवढाच बिंदू घासावा, आणि लहान ब्रशने गंजरोधक प्रायमरचा एक पातळ हात द्यावा. प्रायमर सुकल्यावर गाडीच्या रंगसंकेताप्रमाणे मिळणारा टचअपचा रंग दोन-तीन पातळ हातांत भरावा. हा संकेत बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली लावलेल्या पट्टीवर सापडतो. ठिपका जवळून दिसेल, पण गंज पसरणार नाही. उरलेली अक्षरे त्याच दारावर असतील तर ती सध्या तशीच राहू द्यावीत. ज्या रंगाने एकदा पत्रा सोडला आहे तो पुढच्या अक्षरालाही सोडण्याची शक्यता मोठी आहे, आणि दार रंगवायचे ठरलेच तर रंगारी ती अक्षरे रंगासकट घासून काढणारच आहे.